शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे

विज्ञान नव्याने वाचतोयस, तर अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांबाबत जपून राहा. 'सहसंबंध' म्हटलं की आपण लगेच 'याच्यामुळे ते झालं' असं धरून चालतो. संख्याशास्त्रात तो दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात हे सांगणारा -१ ते +१ मधला आकडा. कारण सांगणं त्याचं कामच नाही. शिवाय हा नेहमीचा आकडा, म्हणजे सहसंबंध गुणांक, फक्त सरळ रेषेतलं नातं पकडतो. -२, -१, ०, १, २ घे, शेजारी त्यांचे वर्ग लिही. वर्ग सर्वस्वी त्या संख्येवरच ठरतो, तरी सहसंबंध शून्य! मला हे वहीत मांडल्यावरच पटलं, तूही मांडून बघ.

ऊर्जेचंही तसंच. बोलण्यात ती उत्साह असते, भौतिकशास्त्रात ज्यूलमध्ये मोजायची राशी. वस्तूचा वेग दुप्पट केलास की तिची गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, चौपट होते. उत्साहाला असा हिशेब लागू नाही.