‘वळवलं’ की ‘पळवलं’?

प्रश्न : मी बेळगावच्या खानापूर तालुक्यात राज्यशास्त्र शिकवतो. म्हादई खोऱ्यातल्या कळसा-भांडुरा ओढ्यांचं पाणी मलप्रभा नदीत वळवायच्या कर्नाटकच्या योजनेच्या अभ्यासासाठी बीएची १८ मुलं, कळशाचा कालवा खणलेल्या कणकुंबीला नेली होती. सगळ्यांच्या वह्यांत एकच उत्तर आलं. यंदा काय बदलू?

उत्तर : मुलांनी थेट ‘पाणी मलप्रभेत न्यावं का?’ असं विचारलं असणार. त्याचं उत्तर कणकुंबीत तयार असतं आणि त्या पाण्याची वाट पाहणाऱ्या नवलगुंदातही, फक्त उलटं. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला कळसासाठी १.७२ आणि भांडुऱ्यासाठी २.१८ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, हे वर्गातच सांगून मोकळे व्हा. गावात मत विचारू नका, घडलेलं विचारा. विहिरीचा तळ कोणत्या महिन्यात दिसतो? कालवा खणण्याआधी कधी दिसायचा? जमीन गेली असेल तर उतारा कोणाच्या नावावर होता?

तिघांचे सहा गट करा. एकानं विचारायचं, एकानं लिहायचं, तिसऱ्यानं नुसतं बघायचं : कोण आल्यावर बोलणं थांबलं, बाईला विचारलेल्याचं उत्तर कोणी दिलं. पंचायत अध्यक्षांच्या सोप्यावर चहा होणारच, तो घ्यावा. पण सहाही गट तिथेच बसले की वह्या पुन्हा सारख्याच भरतील.

वहीच्या डाव्या पानावर ऐकलेलं, तेही बोलणाऱ्याच्याच शब्दांत; उजव्या पानावर आपला तर्क. म्हातारा म्हणाला ‘पाणी पळवलं’ आणि मुलानं शुद्ध करून लिहिलं ‘पाणी वळवलं’, तर ज्यासाठी एवढ्या लांब गेलो तेच पुसलं गेलं. पक्की नोंद त्याच संध्याकाळी करायची, एकमेकांचं न बघता.

पहिल्या फेरीत मोजपट्टी नको. ती दिसली की ‘सर्व्हेवाले आले’ म्हणून दारं लागतात. महाविद्यालयाचं पत्र मात्र कन्नड आणि मराठी दोन्हींत हवं.

कागदपत्रांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज सहलीच्या दीड-दोन महिने आधी टाका, कारण उत्तराची मुदतच ३० दिवसांची. शुल्क १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. भूसंपादन आणि वनजमीन एकत्र मागितलंत तर अर्ज अडतो. उत्तर कन्नडमधून येईल, उतारेही कन्नडच. म्हणून प्रत्येक गटात कन्नड सरळ वाचणारं एक तरी मूल ठेवा. ते बहुतेक वेळा मागच्या बाकावर असतं.