ज्यू धर्मात कोंबडी आणि बकरा कापण्याचे नियम सारखेच असतात का?

मूळ नियम एकच आहे, मात्र तपशिलात महत्त्वाचे फरक आहेत. दोन्ही कापण्याचे काम 'शोहेत' म्हणजे धर्मनियमांचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्तीच करते. बकरा, मेंढी किंवा गाय यांची श्वासनलिका आणि अन्ननलिका या दोन्हींचा बहुतांश भाग कापला गेलाच पाहिजे. पक्ष्याच्याही दोन्ही नलिका कापण्याचाच प्रयत्न असतो, परंतु प्रत्यक्षात एकीचाच बहुतांश भाग कापला गेला तरी ते मांस ग्राह्य ठरते.

सर्वाधिक काटेकोरपणा सुरीबाबत असतो. शोहेत पात्याच्या धारेवरून बोटाचे मांसल टोक आणि नख सावकाश फिरवून बारीकशी खाचही नाही ना, हे कापण्याआधी तपासतो आणि कापल्यानंतर पुन्हा तपासतो. नंतर खाच आढळली, तर ते मांस निषिद्ध मानले जाते. कापताना मध्येच थांबणे, सुरी दाबणे, ती कातडीखाली किंवा पिसांखाली झाकली जाणे, ठरलेल्या जागेबाहेर कापणे आणि नलिका फाटणे या पाचही दोषांनी मांस बाद होते. जनावराला आधी बेशुद्ध करण्याला बहुतेक सनातनी धर्माधिकाऱ्यांचा विरोध आहे.

पक्ष्याचे सांडलेले रक्त माती किंवा भुशाने झाकावे लागते (ज्यू धर्मग्रंथ तोराहमधील लेवीय 17:13). बकऱ्याच्या बाबतीत हे बंधन नाही. उलट बकऱ्याची फुफ्फुसे तपासावी लागतात, विशिष्ट चरबी आणि मांडीतील शीर काढावी लागते. त्यानंतर मांस, मग ते कोंबडीचे असो वा बकऱ्याचे, साधारण अर्धा तास पाण्यात भिजवून तासभर मिठात ठेवतात, कारण रक्त खाणे निषिद्ध आहे. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजातही हे नियम पाळले जात आले आहेत.