अनसूया : एका नावातला कंड

मुलीचे नाव ‘अनुसया’ ठेवावे की ‘अनुसूया’, त्याचा अर्थ काय आणि ते आजच्या काळात जुनाट वाटेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. मूळ नाव या दोन्हींपैकी एकही नाही. ते ‘अनसूया’ आहे. बोलीत रुळलेल्या ‘अनुसया’शी माझे भांडण नाही, पण ‘अनुसूया’ लिहून त्यालाच शुद्ध संस्कृत म्हणणाऱ्यांपुढे मात्र हात टेकावे लागतात. बहुधा अनुराधा, अनुपमा या नावांच्या सवयीने हा ‘अनु’ शिरला असावा. गंमत अशी की ‘अनुपमा’तही ‘अनु’ हा उपसर्ग नाहीच; तिथला उकार उपमेचा आहे. अन् + उपमा, तसेच अन् + असूया.

नावांच्या पुस्तकांत ‘मत्सर नसलेली’ एवढाच अर्थ देऊन हात झटकलेले असतात, आणि तो अपुरा आहे. पाणिनीने एकाच सूत्रात क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या अर्थांचे धातू वेगवेगळे सांगितले आहेत. दुसऱ्याचे चांगले न सोसणे ही ईर्ष्या. असूया म्हणजे, अमरकोशाच्या शब्दांत, ‘दोषारोपो गुणेष्वपि’, म्हणजे गुणांतही खोट काढणे.

पण खरी मौज पुढेच आहे. ‘असूयति’ (असूया करतो) हे क्रियापद पाणिनीय परंपरेत ज्या गणात, म्हणजे धातूंच्या यादीत, येते त्याचे नाव कण्ड्वादी, कारण त्याचा पहिला धातू ‘कण्डू’, म्हणजे खाजवणे. आपला ‘कंड’ त्याच घरचा. त्याच यादीत थोडे पुढे ‘असु’ हा धातू ‘उपताप’ या अर्थी, म्हणजे आतल्या आत होणाऱ्या जळजळीसाठी, येतो. दुसऱ्याचा गुण दिसला की ज्याला कंड सुटतो तो असूयक, असे मी म्हणतो. गणाची ही यादी केवळ रूपसिद्धीसाठी, म्हणजे क्रियापदाची रूपे कशी बनतात हे सांगण्यासाठी आहे, अर्थाच्या नात्यासाठी नव्हे, असे वैयाकरण मला बजावतील, तर खुशाल बजावोत.

‘असूया नसलेली’ हा बहुव्रीही, म्हणजे नावाला विशेषण मानणारा समास, व्याकरणाला धरून आहे, हे मान्य. तरीही मला हे नाव ‘असूया नसणे’ या गुणाचेच वाटते. गौतम धर्मसूत्रातील आठ आत्मगुणांत दया आणि क्षान्ती (क्षमा) यांच्या पाठोपाठ अनसूया मोजली आहे. शिवाय भागवतात अत्रिपत्नी अनसूया ही कर्दम आणि देवहूती यांच्या नऊ मुलींपैकी एक असून तिच्या बहिणींची नावे श्रद्धा, गती, क्रिया, ख्याती, शांती अशी आहेत. ज्या घरात बहुतेक मुली भाववाचक नामे आहेत, तिथे हिला एकटीला विशेषण का ठरवायचे?

जुनाटपणाचे म्हणाल, तर दया आणि श्रद्धा जुन्या वाटत नाहीत, मग हिनेच काय घोडे मारले आहे? लाडाने ‘अनू’ म्हणावे. तिथे उकार हवा तेवढा लांबवा.