वाचकांचे प्रश्न : लॅटिन वाक्यात कोणता शब्द कुठे?

प्रश्न : नुकतंच लॅटिन शिकायला घेतलं आहे. 'पुएल्ला रोसाम कार्पित' आणि 'रोसाम पुएल्ला कार्पित' या दोन्हींचा अर्थ 'मुलगी गुलाब खुडते' असाच दिलाय. मग क्रम शिकायचा कशाला?

उत्तर : कर्ता कोण, हे शब्दाच्या शेवटावरून कळतं, जागेवरून नाही. पण जागेला अर्थ आहेच. साध्या विधानात आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. 'रोसाम' पुढे आणलं, की भर गुलाबावर जातो. 'आग्रिकोला पुएल्लाय रोसाम दात' म्हणजे 'शेतकरी मुलीला गुलाब देतो'. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून पाहा, शब्दाला शब्द जुळतो.

आणि इथंच मराठी माणूस गाफील राहतो. निर्जीव कर्माला आपण सहसा प्रत्यय लावत नाही, म्हणून हातून 'पुएल्ला रोसा कार्पित' लिहिलं जातं. मग दोन्ही शब्द प्रथमेत येतात आणि कोण कोणाला खुडतंय ते कळत नाही. शाळेत संस्कृत झालं असेल तर लता–लताम् आठवा. रोसा–रोसाम अगदी तसंच.

भूतकाळात चूक वेगळी होते. 'मुलीने गुलाब खुडला', 'मुलीने फुलं खुडली' यांत आपलं क्रियापद कर्मामागे जातं. लॅटिनमध्ये कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याचंच ऐकतं : गुलाब एक असो वा दहा, 'पुएल्ला' एकटी आहे तोवर 'कार्प्सित'च.

नकाराचा 'नोन' क्रियापदाच्या लगेच आधी ठेवा : 'नोन कार्पित', खुडत नाही. प्रश्न विचारताना पहिल्या शब्दाला 'ने' जोडतात : 'कार्पित्ने पुएल्ला रोसाम?' आपल्या तृतीयेच्या 'ने'शी याचा संबंध नाही. हा वाक्याअखेरच्या 'का'चं काम करतो.

सरावासाठी पुएल्ला, रोसाम, कार्पित अशा तीन चिठ्ठ्या करा. त्यांचे सहा क्रम होतात. प्रत्येक क्रम मांडून आधी क्रियापदावर बोट ठेवा, मग कर्ता, मग 'म'कारान्त कर्म शोधा. आठवडाभर रोज हे करा, नंतरच चौथा शब्द घ्या.

प्रश्न : विशेषण आधी की नंतर?

उत्तर : रंग, गुण सांगणारं बहुधा नंतर : 'रोसा आल्बा', पांढरा गुलाब. संख्या, 'हा–तो' आणि 'पुष्कळ' हे बहुधा आधी : 'मुल्ताय रोसाय'. हा नियम काटेकोर नाही, विभक्ती जुळवणं मात्र चुकवू नका. कर्म झालं की दोन्ही शब्द बदलतात : 'रोसाम आल्बाम'.