पहिल्याच सत्रात इंटर्नशिप घ्यावी का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: तुम्ही कागलहून गोकुळ शिरगावजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ये-जा करता, यांत्रिकी शाखेचे पहिलेच सत्र सुरू आहे, आणि मामांच्या ओळखीने शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप चालून आली आहे. वेळ संध्याकाळी पाच ते आठ, मानधन दरमहा चार हजार रुपये आणि शेवटी प्रमाणपत्र. मी शिरोलीतच कास्टिंगचे (ओतीव धातूच्या भागांचे) मशिनिंग करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो आणि माझ्या हाताखाली दरवर्षी विद्यार्थी येतात, त्यामुळे इंटर्न घेणाऱ्याला हा प्रश्न जसा दिसतो तसाच मांडतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: या सत्रात ही इंटर्नशिप घेऊ नये, मात्र कारखान्याला सरळ नकार न देता तारीख पुढची मागून घ्यावी.

पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याला आम्ही प्रत्यक्षात कोणते काम देऊ शकतो, याचा विचार करा. ड्रॉइंगवर एका बोअरचे, म्हणजे भागातल्या गोल छिद्राचे, माप ४२ एच७ असे लिहिलेले असते, म्हणजे ते ४२.००० ते ४२.०२५ मिलिमीटरच्या दरम्यान असायला हवे. नवा विद्यार्थी हातात व्हर्निअर ही मोजपट्टी घेतो, त्यावर माप बरोबर दिसते आणि तो जॉब, म्हणजे तो भाग, पास करून बाजूला ठेवतो. पण त्या व्हर्निअरचे लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ सगळी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) त्या एका रेघेतच संपते. इथे छिद्र अधिक अचूक मोजणारा बोअर गेज लागतो, आणि का लागतो हे ज्याला मेट्रॉलॉजी (मापनशास्त्र) शिकवलेली आहे त्यालाच दोन वाक्यांत समजावता येते. ड्रॉइंग वाचण्याचेही तसेच आहे. तुम्हाला इंजिनिअरिंग ग्राफिक्समध्ये वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याची प्रथम कोन प्रक्षेपण ही पद्धत शिकवतात, तर अमेरिकी ग्राहकांची ड्रॉइंग तृतीय कोनात, म्हणजे उलट मांडणीत येतात. कोपऱ्यातले चिन्ह न पाहता वाचले, तर उजव्या बाजूचे दृश्य डावीकडचे समजले जाते. हे शिकवायला मला आवडते, परंतु पाया नसलेल्या विद्यार्थ्याला डिस्पॅचच्या घाईत शिकवणे होत नाही, आणि मग त्याच्या वाट्याला एक्सेलमध्ये तपासणी अहवाल भरणे, स्टिकर लावणे आणि पेट्या मोजणे एवढेच उरते. त्यात कमीपणा काही नाही, मात्र त्यासाठी सहा महिने खर्च करण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रवेशाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या लांबत असल्यामुळे पहिल्या वर्षाचे वर्ग उशिरा सुरू होतात, आणि मग तोच अभ्यासक्रम, त्याच चाचण्या आणि तेच सबमिशन कमी आठवड्यांत कोंबले जाते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम असतोच, आणि डिफॉल्टरच्या यादीत नाव लागले की प्राध्यापकांच्या मागे फिरण्यात आठवडे जातात. त्यातच गोकुळ शिरगाव आणि कागल कोल्हापूर शहराच्या एका बाजूला, तर शिरोली दुसऱ्या बाजूला. कॉलेज सुटल्यावर महामार्गाने शिरोली गाठायची, आठ वाजता सुटून पुन्हा तोच रस्ता उलटा कापत कागलला जायचे आणि त्यानंतर मॅथ्स-१ चे मॅट्रिक्स घेऊन बसायचे, हे आठवडाभर जमेल, सत्रभर जमणार नाही.

मैत्रिणींनी तुम्हाला सांगितले आहे की पहिल्या वर्षापासून इंटर्नशिप असली म्हणजे प्लेसमेंटला वजन पडते. मला हे पटत नाही. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या आधी किमान गुणांची अट आणि शिल्लक बॅकलॉग (सुटायचे राहिलेले विषय) पाहतात. त्या चाळणीत अडकलेल्या अर्जावरचे प्रमाणपत्र कोणी वाचतही नाही. शाखा बदलायचा विचार कधी मनात आला, तर तिथेही पहिल्या वर्षाचेच गुण मोजले जातात. मुलाखतीत मी स्वतः प्रमाणपत्राकडे फारसे पाहत नाही. कोणता पार्ट हाताळला, तो कशाने मोजला आणि रिजेक्शन कशामुळे होत होते, एवढेच विचारतो, आणि सहा महिने स्टिकर लावलेला उमेदवार तिथेच गप्प होतो.

तुम्ही वडिलांवरील फीच्या भाराचाही उल्लेख केला आहे, तो मात्र मी हलक्याने घेत नाही. तरी चार हजारांसाठी सत्र पणाला लावण्यापूर्वी एक तपासा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला आहे, त्यांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज केवळ उत्पन्नाच्या दाखल्यावाचून अडलेला असेल, तर तहसील कार्यालयातला एक हेलपाटा सहा महिन्यांच्या मानधनापेक्षा जास्त देऊन जाईल. शासनाच्या ज्या इंटर्नशिप योजनांची जाहिरात घरच्यांच्या पाहण्यात येते, म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना किंवा पंतप्रधान इंटर्नशिप योजना, त्या पूर्णवेळ शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाहीत. तो पर्याय तूर्त मोजू नका.

आता कारखान्याला काय सांगायचे ते. मामांच्या भिडेपोटी होकार देऊन दोन महिन्यांत सोडून देण्याने मामांचाच शब्द जातो, त्यामुळे आताच स्पष्ट बोललेले बरे. सत्रपरीक्षा संपल्यावर आणि दुसरे सत्र सुरू होण्याआधी जी सुटी मिळेल, त्यात पूर्ण दिवस येते, मानधन दिले नाही तरी चालेल, असे कळवा. आम्हाला रोज तीन तास थकून येणाऱ्या मुलीपेक्षा सलग दोन आठवडे सकाळपासून हजर असणारी मुलगी अधिक सोयीची पडते, कारण एखादा जॉब कच्च्या कास्टिंगपासून अंतिम तपासणीपर्यंत तिला एकदा तरी सलग दाखवता येतो. शिरोलीचा योग नाही आला, तर तुमच्या घराजवळ कागलची पंचतारांकित एमआयडीसी आहेच. निम्मा प्रवास वाचेल. आणि पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात, ग्राफिक्स आणि वर्कशॉप दोन्ही झाल्यावर, महिनाभराची इंटर्नशिप मी निःसंकोच सुचवीन.

जेव्हा जाल तेव्हा कोणत्या विभागात काम आहे आणि रोज कोण शिकवणार आहे, हे आधी विचारा. दुसऱ्या प्रश्नाला नाव सांगून उत्तर आले नाही, तर तिथे शिकवणारे कोणी नाही असे समजा. प्रशिक्षणाच्या नावाखाली तुमच्याकडूनच अनामत किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. रुजू होण्याचे पत्र लेखी घ्या आणि त्याची प्रत महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागात द्या. तुम्हाला अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतील तर तेही कारखान्याला आधीच सांगा, कारण त्या वयातील मुलांना कारखान्यात काम देण्यावर कायद्याची बंधने आहेत. सेफ्टी शूज कारखाना देणार की स्वतः आणायचे, हेही त्याच वेळी विचारून घ्या, कारण चपला घालून आलेल्या विद्यार्थ्याला मी शॉप फ्लोअरवर सोडत नाही.