वाचकांचे प्रश्न : लेन्स करेक्शननंतर छायाचित्राच्या कडा का कापल्या जातात?

प्रश्न : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे छायाचित्र मी डीएसएलआरवर १६ मिलिमीटरच्या वाइड अँगलने घेतले. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कोपऱ्यातला मनोरा पूर्ण दिसत होता, पण लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे दोष दुरुस्त करणारी तयार मांडणी) लावताच तो अर्धा कापला गेला. प्रोफाइल चुकीचे आहे का? (गिरगाव)

उत्तर : प्रोफाइल आपले काम चोख करत आहे. वाइड अँगल लेन्स बहुधा सरळ रेषांना बाहेरच्या बाजूला फुगवते, कारण चौकटीच्या मध्यापासून जसजसे दूर जावे तसतशी प्रतिमा थोडी थोडी लहान होत जाते. यालाच आपण बॅरल डिस्टॉर्शन म्हणतो. त्या फुगलेल्या रेषा सरळ करायच्या तर कडेचा भाग बाहेर ताणावा लागतो, आणि कोपरे मध्यापासून सर्वांत दूर असल्याने सर्वांत जास्त तेच ताणले जातात. चारी टोकांना धरून ओढलेल्या चादरीचा आकार आठवून पाहा : टोके बाहेर येतात आणि बाजूंचे मध्य आत दबतात. छायाचित्राला मात्र आयताकृतीच चौकट लागते, म्हणून सॉफ्टवेअर या आकारात बसणारा आयत ठेवते आणि बाहेर गेलेली टोके सोडून देते. आपला मनोरा नेमका अशा एका टोकात होता.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रोफाइल लावल्यावरही फाइल ६००० × ४००० पिक्सेलचीच राहते, त्यामुळे काहीच गेले नाही असे वाटते. प्रत्यक्षात दृश्य कमी झालेले असते आणि उरलेले ताणून तेवढ्याच पिक्सेलमध्ये बसवलेले असते. कोपऱ्यातील नक्षी शंभर टक्के मोठी करून पाहिली की ती किंचित मऊ पडल्याचे जाणवते.

मनोरा हवाच असेल तर प्रोफाइलमधील डिस्टॉर्शनचा स्लायडर १०० वरून ५० च्या आसपास आणून पाहावा. वरच्या कडेलगतची कंगोऱ्यांची ओळ थोडी वाकेल, पण मनोऱ्याचा बराच भाग परत येईल. माझे मत विचाराल तर या इमारतीत सरळ रेषा फार महत्त्वाच्या आहेत, म्हणून पुढच्या वेळी चार पावले मागे सरकून चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवणेच उत्तम.

प्रश्न : राजाबाई टॉवरचे छायाचित्र आधी नीट क्रॉप केले (कडा कापल्या) आणि मग अपराइटने, म्हणजे झुकलेल्या रेषा सरळ करणाऱ्या लाइटरूममधील साधनाने, उभ्या रेषा सरळ केल्या, तर सगळा क्रॉप नाहीसा झाला. योग्य क्रम कोणता? (दादर)

उत्तर : आधी लेन्स प्रोफाइल, मग अपराइट आणि सर्वांत शेवटी क्रॉप. अपराइटचा कोणताही पर्याय निवडला की लाइटरूम आधीचा क्रॉप काढून टाकते. तो टिकवायचा असल्यास विंडोजवर ऑल्ट किंवा मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरून पर्याय निवडावा. तरीही मी वरचाच क्रम सांगेन, कारण उभ्या रेषांची दुरुस्ती बॅरलच्या दुरुस्तीहून कितीतरी अधिक जागा खाते. हा टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे, त्यामुळे कॅमेरा वर कलवावाच लागतो आणि उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. त्या सरळ करताना वरचा भाग रुंद होतो, खालचा आकसतो आणि तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत रिकामे पांढरे त्रिकोण उरतात. ‘कन्स्ट्रेन क्रॉप’वर खूण केली की ते त्रिकोण जातात, त्यांच्याबरोबर दोन्ही बाजूंची झाडेही जातात. ओव्हल मैदानात मागे जायला भरपूर जागा आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

दुसरी एक चूक मी वारंवार पाहतो : एका सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप करून जेपेग काढायचे आणि त्यावर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्सची दुरुस्ती करायची. दुरुस्तीचे गणित लेन्सच्या मध्यापासून मोजले जाते. एका बाजूने कापलेल्या छायाचित्राचा मध्य सरकलेला असतो, म्हणून तेथे एक कड सरळ होते आणि दुसरी वाकडीच राहते. लाइटरूममध्ये ही अडचण येत नाही, कारण तेथील प्रोफाइल नेहमी मूळ पूर्ण चौकटीवरच काम करते.

प्रश्न : माझ्या मिररलेस कॅमेऱ्याची तीच रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल) डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लाइटरूमपेक्षा जास्त दृश्य दाखवते. असे का? (ठाणे)

उत्तर : अनेक मिररलेस कॅमेरे लेन्सच्या दुरुस्तीची माहिती रॉ फाइलमध्येच लिहून ठेवतात आणि लाइटरूम ती आपोआप लागू करते, तशा लेन्ससाठी ती बंद करण्याची सोयही देत नाही. डार्कटेबलमध्ये लेन्स करेक्शनचा विभाग बंद असेल तर मूळ, फुगीर पण अधिक रुंद प्रतिमा दिसते. मात्र काही लहान लेन्सच्या बाबतीत या जादा भागाचे कोपरे काळे असतात, म्हणून त्यावर विसंबून चौकट बांधू नये.

प्रश्न : २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रातून १२ × १८ इंचांची प्रिंट काढायची आहे. करेक्शननंतर किती क्रॉप चालेल? (डोंबिवली)

उत्तर : इंचाला ३०० पिक्सेल धरल्यास ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात आणि आपल्याकडे ६००० × ४००० आहेत. म्हणजे लांबी-रुंदीत प्रत्येकी १० टक्के कापता येतील. क्रॉप टूलमध्ये २ : ३ हे प्रमाण लॉक करावे, नाहीतर लॅबमध्ये प्रिंट काढताना पुन्हा एखादी कड जाईल.

प्रश्न : लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या काकू फारच रुंद दिसतात. प्रोफाइल लावल्यावर त्या आणखी रुंद झाल्या! (परळ)

उत्तर : हा दोष बॅरलचा नाही, म्हणून बॅरलवरचा उपाय येथे उलटतो. सरळ रेषा सरळ ठेवणारी कोणतीही वाइड लेन्स कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या दिशेने ताणते. प्रोफाइल कडा आणखी ताणते आणि काकूंच्या गालावर त्याचा परिणाम थेट दिसतो. या छायाचित्रात डिस्टॉर्शनचा स्लायडर शून्यावर न्यावा. मागच्या पडद्याची झालर किंचित वाकली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, चेहरा मात्र लगेच लक्षात येतो. पुढच्या वेळी हॉलमध्ये जमेल तितके मागे जाऊन ३५ मिलिमीटरच्या आसपास फोटो घ्यावा आणि रांगेच्या दोन्ही टोकांना एकेका खुर्चीएवढी जागा मोकळी सोडावी. क्रॉप करताना तीच जागा कापावी.