जुना पीसी, घरचा सर्व्हर आणि जाणारी लाईट

प्रश्न : आमच्याकडं कोअर टू ड्युओचा, २ जीबी रॅमचा पीसी पडून आहे. त्यावर लिनक्स टाकून घरातल्या सगळ्यांचे फोटो अन् दुकानाची बिलं एका जागी ठेवायची आहेत. पण लाईट दिवसातून तीन-चारदा जाते. जमंल का?
– एक वाचक, सेनगाव (जि. हिंगोली)

उत्तर : जमेल. फाइल सर्व्हरला २ जीबी रॅम पुरते; डेस्कटॉप न टाकलेलं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) रिकामं असताना दीडशे-दोनशे एमबीच खातं. खरी परीक्षा लाईटचीच आहे. रात्री दोनला लाईट जाऊन आली, तर कोणी बटण न दाबता पीसी परत उभा राहिला पाहिजे. म्हणून सुरुवात बायोसपासून, म्हणजे पीसी चालू होताना आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगपासून करा.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल आधी बदला. तो संपलेला असेल तर लाईट गेल्यावर बायोसची सेटिंग पुसली जाते आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग पॉवरच्या पानावर ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ हा पर्याय ‘ऑन’ करा. काही बोर्डांत त्याचं नाव थोडं वेगळं असतं. ‘हॉल्ट ऑन’पुढे ‘नो एरर्स’ निवडा, नाहीतर कीबोर्ड जोडलेला नसला की पीसी ‘एफ १ दाबा’ म्हणत तिथंच अडून बसतो.

डेबियनची ६४ बिट नेटइन्स्टॉल फाइल घ्या, पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅनची केबल लावूनच इन्स्टॉल करा. रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की तुमच्या युजरला आपोआप सुडोचा, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करण्याचा अधिकार मिळतो. शेवटी सॉफ्टवेअरच्या यादीत डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून ‘एसएसएच सर्व्हर’ (दुसऱ्या संगणकावरून हा पीसी चालवण्याची सोय) आणि ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ एवढ्याच ठेवा. नंतर सांबा टाका; घरातल्या मोबाइल-संगणकांवरून या पीसीचं फोल्डर, म्हणजे शेअर, उघडतं ते त्याच्यामुळे. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या कमांडने स्वतंत्र द्यावा लागतो. शेअर दिसतं पण उघडत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

जुन्या हार्डडिस्कवर भरवसा ठेवण्याआधी ‘स्मार्टमॉनटूल्स’ टाकून तिची तपासणी करा. ‘रिअलोकेटेड सेक्टर काउंट’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचता न येणाऱ्या संशयित जागा) यांच्यापुढच्या शेवटच्या रकान्यात शून्यच हवं. पेंडिंग वाढत चालला असेल तर त्या डिस्कवर फोटो ठेवूच नका. फोटोंची डिस्क वेगळी असेल तर ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) तिच्या ओळीत ‘नोफेल’ जरूर लिहा. ते नसेल आणि डिस्कची केबल सैल झाली, तर सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये थांबते, एसएसएच सुरूच होत नाही आणि मॉनिटर शोधत फिरावं लागतं.

आता इन्व्हर्टर. मोड साधा असेल तर लाईट जाताच पीसी रीस्टार्ट होतो, म्हणून बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं. पण या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८०च्या खाली उतरलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. पाण्याच्या मोटारी सुरू झाल्यावर तुमच्या गल्लीत व्होल्टेज तासन्‌तास १७०वर राहत असेल, तर ऐन लाईट जाण्याच्या वेळेला बॅटरी रिकामी असेल. तिथं इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवून पीसीला वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस लावा.

सगळं झालं की फोटो टाकण्याआधी चालू पीसीचं भिंतीच्या स्विचबोर्डावरचं बटण बंद करा, मिनिटभराने चालू करा. पाच मिनिटांत मोबाइलवरून शेअर उघडलं पाहिजे.

पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र पीसी ठेवू नका. मे महिन्यात तिथं डिस्क टिकत नाही.

प्रश्न : असा पीसी दिवसरात्र चालू ठेवला तर लाईटबिल किती वाढेल?
– एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : असा पीसी नुसता चालू असताना साधारण ६० वॅट घेतो, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. तुमचा वापर शंभर युनिटच्या आत असेल, तर एवढ्याने पुढचा महाग टप्पा लागू शकतो. जुना लॅपटॉप असेल तर आम्ही तोच सुचवू : १५-२० वॅटमध्ये भागतं आणि बॅटरी अंगचीच. फुगलेली बॅटरी मात्र काढून टाका, आणि झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून ‘लॉगइनडी’च्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘हँडल-लिड-स्विच’पुढे ‘इग्नोर’ लिहा.

प्रश्न : पुण्यात शिकणाऱ्या मुलीला हे फोटो दिसतील का?
– एक वाचिका, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : दिसतील, पण राउटरवर सांबाचा पोर्ट (बाहेरून आत येण्याचं दार) उघडून नव्हे, तो इंटरनेटवर कधीच उघडू नये. शिवाय बऱ्याच कनेक्शनांवर इंटरनेटचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोचत नाही. टेलस्केल (दूरची उपकरणं खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप) सर्व्हरवर आणि तिच्या मोबाइलवर एकाच खात्याने टाका. दोन्ही अडचणी सुटतात. आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, पीसीपासून काढून ठेवलेली असू द्या.